चाकाच्या मागची दोन नावे

मी जहाज वळवायचे एक जुने चाक आहे. ओकचे लाकूड, आठ आरे, मध्ये पितळेची तबकडी. मित्रांनो, सान पेद्रो बंदरातल्या एका खाणावळीत मी भिंतीवर ठोकलेले आहे. तुम्हाला माझी पुढची बाजू तेवढी दिसते.

माझा जन्म १९५२ सालचा, हॉलिवूडचा. कप्तानपदासाठी भांडणाऱ्या दोन भावांचा चित्रपट निघत होता. त्यांचे जहाज स्टुडिओच्या तलावात बांधले एनार हालवोर्सन या सुताराने. कॅमेऱ्याला दिसेल तेवढीच बाजू बांधायची, ही तिथली रीत. एनारने दोन्ही बाजू बांधल्या आणि मला खरे सुकाणू जोडले. कारण चित्रीकरणानंतर हे जहाज सान पेद्रोच्या कोळ्यांच्या मुलांना शिकायला द्यायचे, असा शब्द दिग्दर्शकाने त्याला दिला होता. चित्रपटाच्या शेवटी जहाज जळते खरे. पण जाळायचे होते ते छोटे, नकली जहाज. ते एनारचा धाकटा भाऊ सिवर्ट बनवत होता.

एनारने माझ्या मागे दोघांची नावे कोरली.

"माझं कशाला?" सिवर्ट म्हणाला. "मी पडलो खेळणी बनवणारा."

"गप रे! तुझं जळणार म्हणून माझं वाचणार. निम्मं जहाज तुझंच."

सिवर्ट हसला नाही. स्टुडिओत जो तो एनारचे जहाज बघायला येई. सिवर्टच्या छोट्या जहाजाकडे कोणी वळतही नसे.

छोट्या जहाजाभोवतीच्या लाटा पडद्यावर खऱ्या वाटाव्यात, म्हणून कॅमेरा जास्त वेगाने चालवावा लागतो; मग पडद्यावर त्या संथ आणि मोठ्या दिसतात. हे सिवर्टइतके तिथे कोणालाच कळत नव्हते. छोट्या जहाजाच्या चाचणी चित्रीकरणाच्या सकाळी माझ्याजवळ उभे राहून त्याने कॅमेरावाल्याला सांगितले, "आज वेग नेहमीचाच ठेव." मला वाटले, विसरला असेल.

दिग्दर्शकाने चाचणी पाहिली. "हे काय? टबातली होडी!"

"पाणी काही लहान करता येत नाही, बॉस," सिवर्ट म्हणाला. "मोठंच जाळा."

"आणि तुमचा शब्द?" एनारने विचारले.

"शब्द खराच होता, एनार. चित्र खोटं दिसतंय."

एनार भावाकडे वळला. "वेग वाढवला होतास ना?"

"वाढवला होता."

एनारने विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी सिवर्टने मला खोलून काढले आणि माझ्या जागी प्लॅस्टरचे चाक बसवले. पडद्यावरच्या भावांनी ते धरून एकमेकांना मिठी मारली. मग जहाज पेटले. एनारने बांधलेली दुसरी बाजूही जळाली. तिकडे एकही कॅमेरा नव्हता.

त्याच संध्याकाळी सिवर्ट मला घेऊन एनारकडे गेला. "हे तरी ठेव. तुझ्यासाठी वाचवलं."

एनारने माझ्या आऱ्यांवरून हात फिरवला. "ते प्लॅस्टरचं चाक तू ओतलंस?"

"मीच."

"वाळायला तीन दिवस लागतात, सिवर्ट. जाळायचं ठरलं काल."

एवढेच बोलून एनार बाहेर गेला. भावाशी तो पुन्हा कधी बोलला नाही.

सिवर्टने मला या खाणावळीला देऊन टाकले. दर रविवारी तो येतो, माझ्याकडे पाठ करून बसतो आणि तळलेली मासळी खातो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी सांगणार नाही. मला जपलेच आहे. महिन्याला तेल लावतात. मला वाचवणाऱ्यानेच माझे जहाज जाळले. म्हणून एकच मागणे आहे. कधी इथे आलात, तर मला भिंतीवरून उतरवा आणि मागची दोन नावे दिसतील असे उलटे करून टांगा. आणि रविवारी आलात, तर सिवर्टची खुर्चीही माझ्याकडे फिरवून ठेवा.