मागच्या चाकातला आरा

मी आरा बोलतोय. सायकलच्या मागच्या चाकातला. मागच्या असं मुद्दाम सांगतो, कारण पुढचं चाक नुसतं वळतं, ओझं आमच्यावर असतं.

परीक्षेच्या आदल्या रात्री माझ्या आताच्या मालकिणीच्या, ख्वेच्या, डोळ्याला डोळा लागला नाही. मी तिच्या उशाशी पिशवीत होतो, म्हणून मला ठाऊक. चिंता परीक्षेची नव्हतीच. "नापास झाले तर मीतला काय सांगू?" हे एकच वाक्य घेऊन ती या कुशीवरून त्या कुशीवर होत होती. नवरा ट्रक घेऊन सीमेकडे गेलेला, त्याला फोनवर काहीही सांगता आलं असतं. सासूबाईंना न सांगताच कळलं असतं. पण मीत! तिची पाच वर्षांची पोर, घरातलं नाव मीत, म्हणजे फणस. वरून काटे आणि आतून गोड, असं लोक म्हणतात. आतपर्यंत पोचायला वेळ लागतो, एवढंच मी म्हणेन.

तुम्ही म्हणाल, आऱ्याला या चिंता कशाला? थोडं मागून सांगतो.

तारेच्या भेंडोळ्यातून मला तोडलं, एक टोक वाकवलं, दुसऱ्यावर आटे पाडले आणि चाकात बसवलं. लोकांना वाटतं, आरे चाकाला टेकू देतात. साफ चूक. आम्हाला ताणून बसवतात. सगळे भाऊ आपापल्या बाजूला खेचत राहतात, म्हणून तर चाक गोल राहतं. जो ढिला पडला तो संपला. तेव्हा कुणी ताणतणावाची तक्रार माझ्यापाशी करू नये. मी तर त्यावरच जगलो.

माझी पहिली मालकीण थोआबाई, म्हणजे ख्वेच्या सासूबाई. हनोईच्या गल्ल्यांतून त्या सायकलवर फुलं विकायच्या. उन्हाळ्यात कमळं, थंडीत शेवंती, तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाआधी पीचच्या फांद्या. फुलं हलकी असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी पाण्यानं निथळणारी शेवंतीची मोळी एकदा उचलून बघावी. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि सायकल जिन्यात खुंटीला लागली. मला गंज चढू लागला. एका कोळ्यानं माझ्या आधारानं संसार थाटला. थोआबाई जातायेता सीटवरची धूळ तेवढी पुसायच्या, आमच्याकडे बघायच्या नाहीत.

मग एका रविवारी मीत ख्वेला म्हणाली, "आई, आजीचं चित्र काढ."

ख्वे टाइल्सच्या दुकानात हिशेब लिहायची. शाळा सुटल्यापासून तिनं चित्र काढलेलं नव्हतं, आणि शाळेत काढलेलं कुणी जपून ठेवलेलं नव्हतं. तरी तिनं जीव ओतून काढलं.

मीतनं मान तिरकी करून पाहिलं. "हा बटाटा आहे."

"अगं, ही आजी."

"मग आजीला दाखवू नको."

दुसरी एखादी हसून सोडून देती. ख्वे हसली, पण सोडलं नाही. महिनाभरात तिनं चित्रकलेच्या महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेसाठी संध्याकाळचा वर्ग लावला. वर्गात सगळी अठरा वर्षांची पोरं, लहानपणापासून हात चालवलेली. त्यांनी तिला पहिल्याच दिवशी 'मावशी' केलं. "मावशी, मुलीला सोडायला आलात का?" "नाही रे बाळा, मावशीला सोडायला कुणी नव्हतं, म्हणून एकटीच आलेय."

शिकवणारे दोआन सर म्हणाले, "उद्या प्रत्येकानं सायकलचा आरा आणायचा." आमच्याकडे चित्रकलेच्या परीक्षेला बसणारा प्रत्येक जण आरा बाळगतो. हात सरळ करायचा, एक डोळा मिटायचा, आऱ्याचं टोक समोरच्या माणसाच्या डोक्याशी आणि अंगठा हनुवटीशी. ते झालं माप. असली किती डोकी एकाखाली एक रचली की माणूस पुरा होतो, ते मोजायचं.

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे आरा सहज मिळाला असता. पण त्यानं "कशाला?" विचारलं असतं, आणि त्याला कळलं की गल्लीला कळलं. म्हणून ख्वे जिन्यात आली, पकडीनं मला सोडवलं, माझी वाकडी मान तोडली आणि टोक कानशीनं घासलं. दुखलं. पण खरं सांगतो, मान गेली त्या दिवसापासून मी कुणापुढे वाकलेलो नाही.

ख्वेचं मात्र कोपर वाकायचं. सर ओरडायचे, "ख्वेताई, कोपर! कोपर वाकलं की माप खोटं! आणि हे काय, डोकं आहे की भोपळा?"

"बटाट्यावरून भोपळ्यावर आलेय, सर. प्रगती आहे."

वर्ग हसला. ती हसली नाही. तिनं हात पुन्हा सरळ केला. 

घरी हे फार दिवस लपलं नाही. थोआबाई धूळ पुसता पुसता थबकल्या. "माझ्या चाकातला आरा कुणी काढला?"

"मी, आई."

"पोर पदरात, नवरा रस्त्यावर, आणि ही चित्रं काढणार! चित्रांनी कुणाचं पोट भरतं का गं?"

"तुमच्या फुलांनी भरत होतं ना, आई? तीही कुणी खात नव्हतं."

 थोआबाईंनी फडकं झटकलं, दोन पायऱ्या चढल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, "एक काढलास तो काढलास. दुसऱ्याला हात लावलास तर याद राख. चाक लंगडं होतं."

तेव्हापासून मी मीतच्याही हाती लागलो. एक डोळा मिटून ती घरभर मापं घेत हिंडायची. "आजी, तू गल्लीच्या टोकाला गेलीस की माझ्या नखाएवढी होतेस." थोआबाई म्हणायच्या, "आणि घरात आले की?" "घरात तू मावतच नाहीस."

परीक्षेचा दिवस उजाडला. आमच्याकडे परीक्षेला जाताना केळं खात नाहीत, पाय घसरतो. खायचा तो मुगाचा चिकट भात, कारण कडधान्य आणि पास होणं, दोन्हींना आमच्या भाषेत शब्द एकच. ख्वे शिकलेली बाई. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नाही, पण त्यांची भीती वाटते. मीतनं अर्धं केळं खाऊन उरलेलं आईच्या हातात कोंबलं, आणि ख्वेनं पिशवी भरता भरता ते तोंडात टाकलं. मुलांचं उरलेलं आयांच्या तोंडात जातं तेव्हा डोक्याला कुणी विचारत नाही.

"थुंक!" स्वयंपाकघराच्या दारातून थोआबाई किंचाळल्या. "आधी थुंक ते!"

"गिळलं, आई."

"अगं करंटे, मी पहाटे उठून मूग शिजवलेत!"

त्यांच्या हातात खरंच वाफाळता वाडगा होता. ख्वे वाडग्याकडे बघत राहिली. सहा महिने टोमणे मारणाऱ्या बाईनं मूग रात्रीच भिजत घातले होते. मग तिनं वाडगा ओढून घेतला आणि उभ्यानंच खायला लागली. "दोन्ही जाऊ द्या पोटात. बघू कोण जिंकतं."

परीक्षेत समोर एक म्हातारा बसवला होता. स्टुलावर, हात मांडीवर, पाय अनवाणी. ख्वेचं कोपर त्या दिवशी एकदाही वाकलं नाही. डोकं बसलं, खांदे बसले. कागदावर बटाटा नव्हता, भोपळा नव्हता, माणूस होता. आणि तिथेच घात झाला. त्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांत ती अशी रमली की तिनं मला खाली ठेवलं. माप सुटलं. चेहरा वाढत गेला, छाती वाढत गेली, आणि गुडघ्यांशी कागद संपला. पाय बाहेर. जमिनीवरून मला ते पाय अगदी जवळून दिसत होते. भेगाळलेल्या टाचांचे, चांगले पाय होते. मी ओरडून ओरडून सांगत होतो, पण आऱ्याचं कोण ऐकतं?

शेजारच्या मुलाचंही तेच झालं होतं. त्यानं घाईघाईनं सगळं पुसून छोटा माणूस काढायला घेतला. ख्वेनं खोडरबर उचललं, चेहऱ्याकडे पाहिलं आणि खोडरबर परत ठेवलं. "पुसून लहान नाही करणार," ती पुटपुटली. म्हाताऱ्याचा चेहरा ती घंटा होईपर्यंत करत राहिली.

निकाल आज लागला. एका स्कूटरवर तिघी आल्या, मी पिशवीतून डोकं बाहेर काढून. महाविद्यालयाच्या फाटकावरच्या फलकावर ख्वेचं नाव नाही. तिनं वरून खाली वाचलं, मग खालून वर. रस्ता ओलांडून तिघी झाडाखाली स्कूटरपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"केळं!" थोआबाई म्हणाल्या. "मी म्हटलं नव्हतं? पाय घसरले."

"म्हाताऱ्याचे घसरले, आई. माझे आहेत जागेवर."

थोआबाईंनी फाटकाकडे असं पाहिलं, जणू ते भाव पाडून फुलं मागणारं गिऱ्हाईक आहे. "पुढच्या वर्षी घरात केळंच आणायचं नाही," त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षी! ऐकलंत ना तुम्ही? मीही ऐकलं. म्हणून सांगतो, माझ्या अंगावर गंज दिसला म्हणून मला भंगारात मोजू नका. मी अजून सरळ आहे. जिन्यातल्या चाकात माझी जागा रिकामी आहे ती राहू द्या, मला तिथे परत जायचं नाही. आणि नव्यानं शिकायला बसलेल्या मोठ्या माणसाला हसायचं असेल तर खुशाल हसा, पण त्याचं कोपर सरळ आहे का, ते आधी बघा.

ख्वे मीतसमोर उकिडवी बसली. रात्र रात्र घोकलेली सगळी वाक्यं ती विसरली होती. "मीत, मी नापास झाले," ती म्हणाली. "पाय कागदात मावले नाहीत."

 मीतनं मला पिशवीतून उपसलं, फाटकाकडे तोंड केलं, हात ताठ केला आणि एक डोळा मिटला. कोपर अगदी सरळ. तिचा चिमुकला अंगठा माझ्यावरून सरकत सरकत थांबला.

"आई, ते फाटक तर माझ्या अंगठ्याएवढंय. तू त्यात मावणार होतीस कशी?"