मिरच्या किती?

मी बाहेरचं खात नाही. पथ्य म्हणून नाही की कुणाला शब्द दिलाय म्हणूनही नाही. ज्या बाईचे हात मी पाहिले नाहीत, तिच्या हातचं माझ्या घशाखाली उतरत नाही, एवढंच. आणि माझ्या आधी आमच्या घरात कुणी घास घेत नाही. ताटं वाढली की सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मी पहिला घास खाते, ‘बरं आहे’ म्हणते, मग बाकीच्यांचे हात हलतात. दुकानातही तेच. आमची लाँड्री आहे. कितीही घाई असो, कॉलरवरून माझा अंगठा फिरल्याशिवाय शर्ट गिऱ्हाईकाच्या हाती पडत नाही. लोक याला जाच म्हणतात. म्हणोत बापडे. कपडे मात्र आमच्याकडेच टाकतात.

तर आमच्या धाकट्याने प्रेमात पडायला दातांचा दवाखाना निवडला. दाढ काढायला गेला आणि डॉक्टरच्या हातात पकड देणाऱ्या पोरीवर भाळला. तोंड वासलेलं, गालात कापूस कोंबलेला, हनुवटीवर लाळ, अशा ध्यानाला बघून जी पोरगी हो म्हणते ती एक तर फार सोशिक असणार, नाहीतर तिची नजर अधू. आई थायलंडची, असं कळलं. बाप नाही. आई गाडीवर तिकडचं खाणं करून विकते. मी म्हटलं, कष्टाचं खाते ना, मग ठीक आहे. आणा एकदा घरी, बघू.

त्यावर जेवताना धाकटा म्हणाला, “घरी नाही. रविवारी आपल्या रस्त्यावरच्या मेळ्यात तिच्या आईचा स्टॉल आहे. तिथेच जायचं.”

“मुलगी काय स्टॉलवर बघतात?”

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं, वहिनीने, म्हणजे माझ्या थोरल्या सुनेने, आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं आणि ह्यांनी भाताकडे.

“मुलगी बघायला नाही जायचं,” धाकटा म्हणाला. “तिची आई तुला बघणार आहे.”

“मला?”

“ती म्हणते, खाताना ज्या बाईचा चेहरा फुलत नाही, तिच्या घरात मी पोर देणार नाही. आणि ही आईच्या शब्दाबाहेर नाही गं. तिची आई नाही म्हणाली की संपलं.”

मी घास खाली ठेवला. मुलाची आई मी. परीक्षा घ्यायची ती मी. ही कोण गाडीवाली मला पास-नापास करणार?

“आई, थोडंसं हस फक्त. एवढंच मागतोय.”

“मी जेवताना जेवते. हसायला बाकीचा दिवस पडलाय.”

“बाकीचा दिवस तरी कुठे,” सून पुटपुटली. “मी नवीन आले तेव्हा मला वाटायचं, सासूबाईंची दाढ दुखतेय.”

“दुखतेच. तुझ्या हातचं चावून चावून.”

पण पोराने ताट तसंच सारलं आणि उठून गेला. हा पोरगा तापात फणफणलेला असतानाही दुसऱ्यांदा वाढून घेणारा. आता मात्र न जेवता गेला. रविवारी सगळ्यांच्या कपड्यांना कडक इस्त्री मारली. नापास व्हायचंच असेल तर सुरकुतीने तरी होऊ नये.

मेळा म्हणजे काय, दोन्ही बाजूंनी रस्ता बंद, मधे ही गर्दी, फुगे, एका टोकाला बँड आणि दुसऱ्या टोकाला त्याच बँडला कंटाळलेली कुत्री. स्टॉल शोधावा लागला नाही. आधी वास आला. कोळशावरच्या मांसाचा, जळत्या साखरेचा, आणि मधूनच असा एक उग्र मासळीचा, की मी नाकाला रुमाल लावणार होते. धाकट्याने माझा हात धरून खाली केला.

“आई, ते माशाचं पाणी आहे. सगळ्यात घालतात. नाक मुरडू नकोस, ती बघतेय.”

बघत होतीच. बुटकी, गोल, फुलाफुलांचा एप्रन, हातात लाकडी बत्ता, पुढ्यात मातीचा मोठा खल. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मीही पाहिलं. हात आधी पाहिले. नखं कापलेली, बोटं स्वच्छ. एप्रनवर मात्र छातीपाशी तेलाचा हा मोठा डाग.

“पोरी,” मी शेजारी काड्या भाजणाऱ्या तिच्या मुलीला म्हटलं, “आईला सांग, त्या डागावर आधी कोरडं पीठ टाक, तेल ओढून घेऊ दे, मग साबण. गरम पाण्यात तसाच घातला तर जन्मभर तिथेच राहील.”

धाकट्याने डोळे मिटून घेतले. पोरीने घाबरत घाबरत आईला सांगितलं. आई एप्रनकडे बघून काहीतरी पुटपुटली.

“आई म्हणते, खायला आलात की कपडे धुवायला?”

बाई तिखट होती. मला जरा बरं वाटलं.

मग आमच्या सगळ्यांच्या हातात तिने भराभर ताटल्या दिल्या. थोरल्याला चिंचेच्या आंबटगोड रसात परतलेल्या शेवया, सुनेला काडीला टोचून भाजलेलं कोंबडीचं मांस आणि शेंगदाण्याची दाट चटणी, नातीला नारळाच्या दुधाची टिचभर गोल धिरडी, ह्यांना चिकट भात आणि आंब्याच्या फोडी. माझ्यासाठी तिने खल पुढे ओढला. कच्च्या पपईचा कीस, लिंबू, लसूण, गूळ, टोमॅटो. आणि एक बोट वर करून भुवई उडवली.

“मिरच्या किती, असं विचारतेय,” पोरगी म्हणाली. “लोक एक सांगतात. फार धीट असले तर दोन.”

“तुझी आई किती खाते?”

“आईचं सोडा हो, काकू.”

“किती?”

“सात.”

“मग सात.”

“आई!” धाकटा ओरडला.

“गप. वाफेच्या इस्त्रीपुढे आयुष्य काढलंय मी. मिरची मला काय करणार?”

त्या मिरच्या नखाएवढ्या. मी मनात म्हटलं, ही तर पोरांची खेळणी. बत्ता पडायला लागला, ठक ठक ठक. एका हाताने ती ठेचायची, दुसऱ्या हातातल्या चमच्याने खालचं वर करायची. पीठ करत नव्हती, नुसतं हलकं मारून रस सोडवत होती. कामाची लय होती हातात. मी मान डोलावणार होते, पण आवरलं.

पहिला घास घेतला. आंबट आलं, मग गोड, मग खारट, मग भाजलेला शेंगदाणा कुरकुरला, आणि मला वाटलं, अगंबाई! तेवढ्यात मिरच्या पोचल्या.

कानातून वाफ जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. जीभ कुठे आहे ते कळेना. डोळ्यांतून धार, नाकातून धार. आणि समोर माझं अख्खं घर हातात ताटल्या धरून माझ्या तोंडाकडे बघत उभं. कुणी चमचा उचलेना, कारण मी ‘बरं आहे’ म्हटलं नव्हतं. म्हणू कशाने? आवाजच गेला होता.

मागच्या रांगेतल्या लोकांनी काय पाहिलं? एक बाई रडतेय आणि तिच्या घरचं कुणीच खात नाही.

“काय झालं हो?” एकाने विचारलं. “बिघडलंय का?”

“बघा ना, वास घेऊन नुसते उभे आहेत सगळे.”

रांगेतून एक गेला, मग दोघं गेले. खलबत्तेवालीचा चेहरा उतरला. तिच्या पोरीचा त्याहून. आणि माझ्या पोराचा चेहरा कांजी न लागलेल्या कॉलरसारखा मानेत पडला.

बोलता येत नव्हतं म्हणून मी खाल्लं. दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. चौथ्याला पोटातून काहीतरी वर आलं. मला वाटलं उचकी. पण ते हसू होतं! थांबेच ना. मी खिंकाळत होते, टेबल धरून वाकत होते, नाक पुसत होते, पुन्हा खात होते आणि पुन्हा हसत होते.

“अहो, हिला काहीतरी होतंय!” हे स्टॉलवरचा ट्रे उचलून वारा घालायला लागले. “पाणी आणा!”

“आजीला गुदगुल्या होतायत!” नात नाचायला लागली.

ती बाई माझ्याकडे बघत राहिली आणि फिसकन हसली. चमचा घेऊन माझ्याच ताटलीत घुसली. तिच्याही डोळ्यांतून पाणी आलं. म्हणजे सात तिलाही झेपत नव्हत्या! खोटारडी! मी बोट दाखवून हसले, तिनेही माझ्याकडे बोट दाखवलं आणि आम्ही दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं आपटत हसलो. लोक टाळ्या वाजवायला लागले.

“झालं!” धाकटा उडी मारून म्हणाला. “हसली! सगळ्यांनी पाहिलं! झालं ना?”

त्या बाईने डोळे पुसले, पोरीला काहीतरी म्हणाली. पोरीचं हसू मावळलं.

“आई म्हणते, हे मिरचीचं हसणं. हे धरायचं नाही.”

धाकटा बर्फाच्या खोक्यावर मटकन बसला.

खरं तर मी तिथून ताठ मानेने निघू शकत होते. सात मिरच्या खाऊन उभी होते, टाळ्या पडल्या होत्या, आणखी काय हवं? पण पोरगा खोक्यावर बसलेला. आणि शिवाय, पोराला सांगू नका, मला तो पहिला घास आठवत होता. मिरच्या पोचायच्या आधीचा. तो धड लागलाच नव्हता जिभेला.

मी तिच्यापुढे पाच बोटं धरली. तिने भुवई उडवली. मी चार केली. ती कमरेवर हात ठेवून उभी. तीन. अख्खा मेळा बघत होता. थोरली सून तर ताटलीआडून बघत होती, बाई सुखावली असणार. दोन. आणि शेवटी मी एकच बोट वर ठेवलं. आयुष्यात मी इतकी खाली कधी आले नव्हते.

तिने बत्ता उचलला. ठक ठक ठक. ताटली पुढे आली.

मग मात्र मला कुणाचं भान राहिलं नाही. तो कीस करकरीत, लिंबू आंबटढाण, आणि ते माशाचं पाणी, ज्याला मी नाक मुरडत होते, तेच तर सगळ्याला धरून होतं! मी सुनेच्या ताटलीतली काडी ओढली. थोरल्याच्या शेवया ओढल्या. नातीच्या धिरड्यांवर हात टाकला तर ती किंचाळली.

“काय गं हे, बाहेरून कुरकुरीत नि आत नुसतं दूध! हे कशात करतात? साच्यात? दाखव बघू. आणि ही चटणी कशी एवढी दाट होते? अगं, मला आधी का नाही सांगितलं कुणी?”

“अगं, बरं आहे की नाही ते सांग!” हे म्हणाले. “आम्ही उपाशी उभे आहोत!”

“थांबा हो, मी खातेय!”

हे थांबले नाहीत. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा थांबले नाहीत. आंब्याची फोड तोंडात टाकली आणि रस्ताभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “बरं आहे! खा रे!” आणि माझं घर ताटल्यांवर तुटून पडलं.

त्या आवाजाने रांग परत आली, आणि अशी आली की शेपूट बँडपाशी. खलबत्तेवालीने मला विचारलंही नाही. खुंटीवरचा दुसरा एप्रन माझ्या अंगावर फेकला. मीही बांधला. ती ठेचायची, मी ताटलीची कड पुसून पुढे द्यायची. ढकलाढकली करणाऱ्या एकाला मी असं झापलं की तो तीन माणसं मागे जाऊन उभा राहिला.

“आई,” धाकटा कानाशी आला, “पण लग्नाचं काय ठरलं?”

“मला काय विचारतोस? दिसत नाही, किती गर्दी आहे? लिंबं काप.”

खल रिकामा झाला तशी मी मागे वळून ओरडले, “विहीणबाई, पपई संपली!”

पोरीच्या हातातल्या काड्या तशाच राहिल्या. धाकट्याची सुरी थांबली. खलबत्तेवालीने दोघांची तोंडं पाहिली आणि लेकीला काहीतरी विचारलं. पोरगी लाल होत होत तिच्या कानात बोलली. बाईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या ओठाला शेंगदाण्याची चटणी लागली होती, हनुवटीवर नारळाचं दूध होतं, आणि म्हणे मी तेव्हाही हसत होते. मला काही ते ठाऊक नाही. मग तिने टेबलाखालून भली थोरली पपई काढली आणि पोरीला दोनच शब्द सांगितले.

“आई म्हणते,” पोरगी धाकट्याकडे बघून म्हणाली, “जावयाला सोलू दे.”

जन्मात ज्याने कधी काकडीही सोलली नाही, तो माझा पोरगा ती पपई उराशी धरून भर रस्त्यात नाचायला लागला, आणि आम्ही दोघी एकाच वेळी, आपापल्या भाषेत, त्याच्यावर ओरडलो.