उतारावरची राखण

गोरे व्यापारी त्या वर्षाला सतराशे सत्तावीस म्हणतात. पुढे एका खलाशाने मला सांगितलं, त्याच वर्षी त्यांचेही दोन राजे समुद्राच्या तोंडावरच्या कुठल्याशा खडकासाठी एकमेकांवर तोफा डागत होते, आणि त्यातला एक म्हातारा राजा प्रवासातच मेला. मी म्हटलं, मरू दे. आमच्या राजाचं गाव सावी त्या वर्षी बुडालं आणि माझी पोरगी गेली. मला जगाचं काय कौतुक!

मी दोसू. सावीच्या उत्तरेला जी नदी आहे, तिच्यावर माझी होडी होती. नदी खोल आणि गाळाची. पायी ओलांडायची जागा एकच, माझ्या झोपडीसमोरचा उतार, आणि तोही इतका अरुंद की दोघं शेजारी शेजारी चालले तर एक पाण्यात पडायचा. उत्तरेकडच्या दाहोमीच्या राजाचं सैन्य आलं तर इथूनच येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. शेजारचं अलाडाचं राज्य त्यांनी मागेच गिळलं होतं. तिकडून पळून आलेली माणसं माझ्याच होडीतून अलीकडे उतरली. त्यातली एक बाई सारखी मागे वळून बघत होती. विचारलं, "कोण राहिलंय मागे?" तर म्हणाली, "कोणीच नाही राहिलं."

उतार राखायचं काम सरदार हुएनूकडे होतं. तो झोळीत बसून, चार माणसांच्या खांद्यावर डुलत डुलत नदी बघायला आला. मी हात जोडून म्हटलं, "सरदार, बंदुकवाले इथे गवतात बसवा. मूठभर पुरेत. पलीकडून मांजरसुद्धा येणार नाही."

"दोसू, तू होडी वल्हव," तो म्हणाला. "दंग्बेला आणून ठेवतोय आपण काठावर. तो असताना तुझं गवत कशाला?"

दंग्बे म्हणजे आमचा देव. अजगराच्या रूपात राहतो. चावत नाही, डसत नाही, घरात शिरला तर चुलीशेजारी वेटोळं घालून झोपतो आणि घरच्यांनी पाय आवरून बसायचं. त्याला मारणाऱ्याला आम्ही जिवंत जाळतो. त्याची पिल्लं खातात म्हणून गावात डुकरं पाळायची बंदी. मीही त्याच्यापुढे आयुष्यभर डोकं टेकलंय, खोटं कशाला बोलू? पण देवाला मानणं वेगळं आणि बंदुका घरी ठेवणं वेगळं. खरी गोष्ट अशी होती की हुएनूची माणसं नदीवर आली असती, तर राजवाड्यात त्याच्या वैऱ्यांनी त्याची जागा बळकावली असती. म्हणून सगळ्यांनी मिळून देवाला पुढे केलं आणि आपण राजवाड्यात एकमेकांच्या तंगड्या ओढत बसले.

आणि देवासोबत कोणाला पाठवलं? माझ्या पोरीला, सेनामीला.

मागच्या पेरणीच्या वेळी देवळातल्या म्हाताऱ्या बायका ओरडत गावातून धावल्या. त्यांच्या हाती जी पोर लागेल ती देवाची. सेनामी पाणी भरून येत होती, तिलाच धरलं. परत आली तेव्हा अंगावर गोंदण, गळ्यात मण्यांच्या माळा. देवाची बायको झाली म्हणजे बापानेसुद्धा तिच्यापुढे गुडघे टेकायचे, अहो-जाहो करायचं. जिचं नाक मी पुसलं, तिला मी "जेवलात का?" म्हणून विचारायचो. सुरुवातीला तिला हसू फुटायचं. मग फुटेनासं झालं.

रोज सकाळी ती अजगराला खांद्यावर घेऊन यायची, उतारावरच्या वाळूत ठेवायची आणि दिवसभर शेजारी बसायची. का, तर तो सावलीकडे सरपटत निघून जायचा, त्याला परत आणायला कोणीतरी हवं. मी गुडघे टेकून म्हणायचो, "बाईसाहेब, याला राखायला माणूस लागतो, आणि हा गाव राखणार?"

"बाबा, असं बोलू नका. कोणी ऐकेल."

"मग होडीत बसा. खाली खाडीतल्या बेटांवर जाऊ. मासे आहेत, मीठ आहे. कोणी विचारणार नाही."

"याला सोडून? आणि गावाचं काय?"

काही दिवसांनी पलीकडे धूर दिसू लागला. मग ढोल ऐकू आले. मग एका सकाळी ढोल थांबले आणि समोरच्या झाडीत माणसंच माणसं. ती माणसं नुसती आमच्याकडे बघत होती. पाणी प्यायला खाली येणारी माकडं येईनाशी झाली.

पण ते पुढे येईनात! मला लगेच कळलं का ते. बिचाऱ्यांना पटतच नव्हतं. एवढा एकच उतार, आणि त्याच्यावर एक पोरगी, एक साप, माझ्यासारखा एक लंगडा म्हातारा? जगात इतकं मूर्ख कोणी असतं का? अलीकडच्या गवतात नक्की सैन्य दडलंय, असंच त्यांना वाटत असणार.

गावात मात्र नगारे वाजले. बायका ताडी आणि कोंबड्या घेऊन आल्या, सेनामीच्या पायावर लोळल्या. हुएनू म्हणाला, "बघितलंस, दोसू? अडवले की नाही देवाने?" ते जितके दिवस थांबले, तितकं माझं तोंड बंद होत गेलं. सेनामीच्या चेहऱ्यावर असं काही तेज चढलं की मला तिची भीती वाटायला लागली.

शेवटी एका दुपारी पलीकडून एक जण पाण्यात उतरला. कमरेला आखूड तलवार, बंदूक डोक्यावर धरलेली. पाय चाचपत चाचपत आला. मी काठावरच होतो. त्याची आमची भाषा चुलत भावंडांसारखी, समजायला अडचण नाही.

"म्हाताऱ्या," तो गुडघाभर पाण्यातूनच म्हणाला. नजर सगळी माझ्यामागच्या गवतावर. "तुमचे लोक कुठायत?"

तेवढ्यात मला सुचलं ते देवानेच सुचवलं असेल तर त्याचे उपकार. मी आवाज खाली आणला, जसा काही घाबरलोय. घाबरलो होतोच. "हळू बोल रे बाबा. गवत भरलंय नुसतं. बंदुका ताणून बसलेत. तू एक पाऊल पुढे टाकलंस तर मीही तुझ्यासोबत मरेन. जा मागे."

त्याचा चेहरा उतरला. खरंच उतरला! वाऱ्याने गवत हललं तसा तो एक पाऊल मागे सरला. अजून थोडा वेळ, आणि तो जाऊन आपल्या लोकांना सांगणार होता, आणि ते आणखी थांबले असते, आणि मी त्या रात्रीच पोरीला बांधून होडीत घातलं असतं, मग मला जाळा नाहीतर बुडवा.

"खोटं आहे," सेनामी म्हणाली.

"बाईसाहेब..."

"बाबा, तुम्ही देवाचं श्रेय बंदुकांना देताय." ती उठून उभी राहिली. अजगर तिच्या दोन्ही हातांवर आडवा. तिचा आवाज देवळात स्तुती म्हणतात तसा खणखणीत होता. "ऐक, शिपाया. गवतात कोणी नाही. एकही माणूस नाही. इतके दिवस तुम्हाला ह्याने अडवलंय, एकट्याने. जाऊन सांग तुझ्या राजाला."

"सेने, गप! गप बस, कार्टे!" मी अहो-जाहो विसरलो. पण ती बोलून चुकली होती.

शिपाई तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. माझं तोंड बघून त्याला सगळं कळलं. त्याने पलीकडे वळून हाक मारली, आणि झाडी हलली.

ते एकामागून एक येत राहिले. कोणाचा पाय घसरला की बाकीचे हसत होते. त्या पहिल्या शिपायाने अजगराला तिच्या हातातून उचललं, मानेपाशी धरून म्हणाला, "देव आहेस ना? मग बोल. वाचव स्वतःला." थोडा वेळ वाट बघितली, मग तलवारीने मुंडकं उडवलं. अजगर तसा शांतच होता, जन्मात कोणाला चावला नव्हता. संध्याकाळी त्यांनी माझ्याच होडीच्या फळ्यांवर तो भाजून खाल्ला. तोवर सावीच्या बाजूने आभाळ जाळाने लाल झालं होतं.

मला त्यांनी बांधलं नाही. म्हातारा, त्यात लंगडा, मला कोण विकत घेणार? सेनामीच्या गळ्यातल्या माळा तोडून तिथे दोर घातला. ती रडत नव्हती. रांगेत तिला पुढे ओढलं तेव्हा तिने माझ्याकडे वळून बघितलं. माझ्याकडून गोड बोंडा हवा असला की लहानपणी ज्या आवाजात मागायची, त्या आवाजात म्हणाली,

"बाबा, सांगा ना त्यांना. गवतात बंदुकवाले आहेत म्हणून. सांगा ना."

मी सांगितलं. घसा फुटेस्तोवर ओरडून सांगितलं. ते सगळे हसले.