बाबा जोडले गेले

हालचाल आढळली.

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. नेत्रबाबा व्यासपीठावर आले तशी सगळी गर्दी ताडकन उभी राहिली. शेवटच्या रांगेत एकटे पुरावेसर निषेध म्हणून बसून राहिले. पुढे सगळेच उभे असल्यामुळे हा निषेध कुणालाही दिसला नाही.

पुरावेसर म्हणजे पदार्थविज्ञानाचे निवृत्त शिक्षक. वर्गात उठता-बसता "पुरावा दाखवा" म्हणायचे, म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. निवृत्तीनंतर ते 'चमत्कारामागचं विज्ञान' या विषयावर भाषणं देत. श्रोते असायचे मोजके, आणि त्यातलेही दोघे नंतर खुर्च्या आवरायच्या म्हणून थांबलेले.

आज ते बायकोला सोडायला आले होते. सोडायला म्हणजे, खरं तर, लक्ष ठेवायला.

"डोळा म्हणजे काय?" बाबांनी विचारलं. "डोळा म्हणजे खिडकी! खिडकीला कुणी औषध घालतं का?"

"नाही!" गर्दी म्हणाली.

"खिडकी काय करायची असते?"

"उघडायची!"

"शाब्बास! डॉक्टरचा थेंब आत गेला, की श्रद्धा बाहेर येते!"

"पाणी येतं," सर पुटपुटले. शेजारच्या बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की सरांनी खिशातून रुमाल काढून उगाचच चष्मा पुसला.

बाबांनी डोळे मिटले. बोट हवेत फिरलं आणि तिसऱ्या रांगेत सरांच्या बायकोवर येऊन थांबलं.

"माउली, काल सोफ्यावर बसलीस. पुस्तकांच्या मांडणीवरून बाटली काढलीस. एका डोळ्यात थेंब घातलास. दुसऱ्यात घालताना हात थांबला. खरं की खोटं?"

बायकोनं तोंडावर हात ठेवला.

"आणि तुझा नवरा बसलाय तिकडे शेवटी! घरी बनियनवर आरशासमोर उभा राहून माझ्याविरुद्ध भाषण करतो. हातात झारा धरतो, माईक म्हणून!"

सगळं सभागृह मागे वळलं. सरांनी जन्मात कधी एवढा श्रोतृवर्ग पाहिला नव्हता.

अडचण एवढीच होती, की सगळं खरं होतं. झाऱ्यासकट.

*

परतीच्या वाटेवर बायको म्हणाली, "तुम्हाला पुरावा हवा होता ना? घ्या, मिळाला."

"अगं, डॉक्टर काय म्हणाल्या ते आठव. काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची. एक दिवससुद्धा थेंब चुकवायचा नाही."

"डॉक्टरांना मी घरी काय करते ते दिसतं का? बाबांना दिसतं."

चाळीस वर्षं फळ्यावर उत्तरं लिहिलेला माणूस रस्त्यावरचे दिवे मोजत चालू लागला. त्या दिवसापासून बायकोनं थेंब बंद केले आणि बाबांनी मंतरलेलं पाणी डोळ्यांना लावायला सुरुवात केली.

*

मागे न्या.

(कॅमेऱ्यात ही सोय असते. गोष्टीतही असावी.)

कॅमेरा महिन्यापूर्वी मुलीनं पाठवला होता. वाटीएवढा, पांढरा, वायर नसलेला, एका डोळ्याचा. खालच्या मजल्यावर चोरी झाली होती, निमित्त ते. मुलगी परगावी. ती फोनवरून सूचना देत होती आणि सर माहितीपत्रक न वाचता चुकत होते, कारण माहितीपत्रक वाचणं हा पदार्थविज्ञानाचा अपमान आहे असं त्यांचं मत होतं.

सरांच्या फोनमध्ये जागा नव्हती. त्यात त्यांचीच भाषणं भरलेली होती. म्हणून ॲप बायकोच्या फोनवर घेतलं. मग वायफायचा पासवर्ड आठवेना. मग आठवला, तो शेजाऱ्यांचा निघाला. मग फोनवरचा चौकोनी ठिपक्यांचा छाप कॅमेऱ्याला दाखवायचा होता, तो सरांनी बराच वेळ कॅमेऱ्याच्या पाठीला दाखवला.

"बाबा, डोळ्यासमोर धरा! त्याच्या डोळ्यासमोर!" मुलगी ओरडली.

कॅमेरा अचानक गोड बाईच्या आवाजात बोलला, "जोडणी यशस्वी." सर दचकून सोफ्यावर बसले.

"आता घरची माणसं जोडायची," मुलगी म्हणाली. "जोडलेल्या माणसाला एक लिंक जाते. ती उघडली की घर दिसतं, ऐकू येतं, बटण दाबलं तर इथून बोलताही येतं. वेगळं ॲप लागत नाही. चला, आधी बाबांना जोडा."

सरांनी बायकोच्या फोनमध्ये नावं उघडली. 'बाबा' दिसलं. दाबलं.

"बाबा जोडले गेले," कॅमेरा म्हणाला.

सरांची छाती फुगली. पुढे त्यांच्या फोनवर लिंक आली नाही, सूचना आल्या नाहीत, काहीच आलं नाही. मुलीनं विचारलं, "बाबा, दिसतंय ना?" तेव्हा सर म्हणाले, "स्वच्छ!" पुरावेसर कुठल्याही यंत्रापुढे हरत नसत. ते फक्त त्या यंत्राबद्दल बोलणं बंद करत.

*

पुढे न्या.

चमत्कार मोडून काढायचा म्हणून सर कामाला लागले. मंतरलेल्या पाण्याच्या बाटलीत माईक असेल म्हणून त्यांनी ती कापली, निघालं पाणी. पडद्यामागे कुणी लपतं का ते पाहायला पीठ पसरलं. स्वतःच त्यावरून घसरले. शेजाऱ्याचा संशय आला म्हणून भिंतीला पेला लावून ऐकलं, तर शेजारी म्हणत होते, "हे पुरावेसर हल्ली भिंतीला कान लावून का बसतात गं?"

पुढच्या सभेत बाबांनी पीठही सांगितलं, घसरणंही सांगितलं आणि पेलाही सांगितला. लोक पोट धरधरून हसले. बायको हसली नाही. ती हात जोडून बसली होती आणि व्यासपीठाकडे पाहताना मान जरा जास्तच वळवत होती, कडेचं दिसत नसल्यासारखी. ते फक्त सरांनी पाहिलं. रात्रभर त्यांना झोप लागली नाही.

मग एका सकाळी स्वयंपाकघरात जाताना बायकोचा खांदा चौकटीवर आपटला. चौकट तिथेच होती, इतकी वर्षं होती. तिला ती दिसलीच नव्हती.

त्या आठवड्यातही ती सभेला गेली. परत आली, चपला काढल्या, पाणी प्यायली आणि सरांसमोर बसली.

"अहो, देव सगळीकडे असतो ना?"

सर सावध झाले. "हे बघ, त्याला पुरावा..."

"ते राहू द्या. असतो असं धरून चालू. मग हा बाबा आपल्या घरात फक्त हॉलमध्येच कसा असतो?"

"म्हणजे?"

"खांदा आपटला ना, तेव्हा मी घाबरले. तिथेच ओट्याशी उभं राहून फ्रिजमधल्या नव्या बाटलीतले थेंब घातले. तेव्हापासून रोज घालतेय, स्वयंपाकघरात. म्हटलं, बाबा रागावले तर रागावले. आज त्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. म्हणाले, ही बघा निष्ठा, माउली थेंबाला शिवलीसुद्धा नाही!"

सर उठून उभे राहिले. बायकोनं थेंब घातले, यानंच त्यांचे डोळे भरून आले होते. बाकीचं डोक्यात शिरायला वेळ लागला.

"सोफा दिसतो, मांडणी दिसते, आरसा दिसतो," बायको बोटांवर मोजत म्हणाली. "ओटा दिसत नाही. मध्ये भिंत आहे. दिव्यदृष्टीला भिंत आड येते का हो?"

दोघांनी हॉलभर नजर फिरवली. पंखा. घड्याळ. खिडकी. आणि मांडणीवर, पृथ्वीच्या गोलाशेजारी बसलेला तो पांढरा एकडोळ्या. सरांनी सगळ्यात शेवटी पाहिलं ते त्याच्याकडे. घरात तो त्यांनी बसवला होता ना, म्हणून.

"त्यात फक्त घरचीच माणसं आहेत," सर म्हणाले. "मी स्वतः जोडलीत." त्यांनी तिच्या फोनमध्ये यादी उघडली. "हे बघ. बाबा. म्हणजे मी."

"तुम्ही?" बायकोनं फोन डोळ्याजवळ नेला. "अहो, हे बाबा म्हणजे नेत्रबाबा! प्रश्न पाठवायला नंबर दिला होता त्यांनी, तो मी साठवलाय."

"पण मुलगी मला बाबा म्हणते!"

"मुलगी म्हणते. फोन माझा आहे. मी तुम्हाला कशाला बाबा म्हणू?"

"मग मी कोण आहे यात?"

बायको जरा लाजली. तिनं यादी खाली सरकवली आणि फोन पुढे केला. तिथे लिहिलं होतं: 'हे'.

सर मटकन खाली बसले. चोराला किल्ली द्यावी, वर पत्ताही द्यावा, आणि तो आत कसा शिरला यावर व्याख्यान झोडावं, असा सगळा प्रकार झाला होता.

"आत्ताच्या आत्ता काढून टाकतो त्याला!"

"थांबा," बायको त्यांना स्वयंपाकघरात ओढत हळूच म्हणाली. "तुमच्याकडे भाषण आहे, माणसं नाहीत. त्याच्याकडे माणसं आहेत. मी सांगते तसं करायचं. आणि पातेलं घ्या, मोठं."

*

थेट प्रक्षेपण.

हॉलमध्ये पुरावेसर डोक्यावर पातेलं घालून उभे आहेत. इस्त्रीचा शर्ट घातला आहे, झारा नाही. कुणी पाहत असलं की कॅमेऱ्याचा दिवा निळा होतो, हे माहितीपत्रकात लिहिलं आहे. ते त्यांनी आज पहिल्यांदा वाचलं.

तिकडे सभेत काय झालं ते बायकोनं नंतर सांगितलं. ती उठली आणि म्हणाली, "बाबा, आमचे हे आत्ता घरी काय करताहेत?" बाबा म्हणाले, ध्यान लावतो, आणि नेहमीसारखे पडद्यामागे गेले. त्यांना कानानं जरा कमी ऐकू येई, आणि घरातलं बोलणं ऐकायचं तर फोनचा आवाज पूर्ण वाढवावा लागे.

दिवा निळा झाला.

पडद्यामागून बाबा गरजले, "तुझा नवरा डोक्यावर पातेलं घालून उभा आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि तो विरतो न विरतो तोच पडद्यामागून दुसरा आवाज आला, बाबांच्या आवाजापेक्षाही मोठा:

"बंधूंनो आणि भगिनींनो!"

इकडे सरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते वाटीएवढ्या यंत्रासमोर घाम पुसत होते. तेवढ्यात यंत्र खरखरलं. बाबांनी आवाज बंद करायला म्हणून दाबलेलं बटण बोलायचं निघालं.

"अरे, हे बंद कसं होतं? ए, इकडे ये! कुठलं बटण..." मांडणीवरून नेत्रबाबा ओरडत होते. त्यांच्या मागे शेकडो माणसांची कुजबुज, मग एक हसू, मग हशाच हशा. आणि पडदा ओढल्याचा आवाज. मग अगदी जवळून बायको: "अहो, सगळ्यांना ऐकू येतंय! बोला!"

पाठ केलेलं भाषण त्या क्षणी सरांच्या डोक्यातून उडालं. पातेल्याला आत चिकटलं असेल तर असेल.

"मी..." ते म्हणाले. "त्याला माझं घर दिसतं ते माझ्या कॅमेऱ्यातून. तो कॅमेरा मीच त्याच्या फोनला जोडला. चुकून. मी जन्मभर विज्ञान शिकवलं आणि बायकोच्या फोनमध्ये माझं नाव काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून सांगतो, माझ्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. कुणी म्हणालं मला सगळं दिसतं, तर विचारा: कुठून दिसतं? काय दिसत नाही? भिंतीपलीकडचं सांग म्हणावं. आणि... काचबिंदू वाट पाहत नाही हो. ज्यांना डॉक्टरांनी थेंब दिलेत त्यांनी घरी जाऊन थेंब घाला. आज. बस, एवढंच."

त्यांना आणखी पुष्कळ बोलायचं होतं. दिवा विझला.

*

बायको परतली ती शेजारणींच्या घोळक्यातून, हसत. सभा उठली होती. बाबा मागच्या दारानं निघत होते, पण फोन आता जागरूक श्रोत्यांच्या हातात होता आणि श्रोते पोलिसांच्या वाटेवर. कुणीतरी सरांना पुढच्या आठवड्यात बोलायला बोलावलं होतं. पातेल्यासकट.

ती सोफ्यावर बसली, मांडणीवरून बाटली काढली आणि दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. हात थांबला नाही. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "एक विचारू? चोर दारातून येतो. मग कॅमेरा सोफ्याकडे का तोंड करून होता?"

सरांनी घसा खाकरला. इतके दिवस ते या प्रश्नाच्या आसपाससुद्धा फिरकले नव्हते.

"तू थेंब घालतेस की नाही ते... म्हणजे काळजीपोटी गं..."

"मग त्याच्यात नि तुमच्यात फरक काय? तो निदान सांगून बघत होता."

पुरावा बिनतोड होता. सरांनी खुर्ची घेतली, कॅमेरा मांडणीवरून उतरवला आणि दाराबाहेर जिन्याकडे तोंड करून बसवला. ठिपक्यांचा छाप पुन्हा दाखवावा लागला. या वेळी डोळ्यासमोर.

बायकोनं फोन घेतला. यादीतून बाबांना काढलं. मग नाक स्क्रीनला लागेल इतकं जवळ नेऊन, सावकाश, एक नाव शोधून दाबलं.

खिशात सरांचा फोन पहिल्यांदाच वाजला. आणि दाराबाहेरून ती गोड आवाजाची बाई म्हणाली,

"हे जोडले गेले."