सशांचा पोळा

दामिनीची सगळी पीएच.डी. एका सशाच्या रक्तात होती. विष्णुपुरीजवळच्या प्रयोगशाळेत तिने सहा पांढऱ्या सशांना थायरॉक्सिन टोचलं होतं, तेही एका मोठ्या प्रथिनाला चिकटवून. हार्मोन एवढुसं, की नुसतं टोचलं तर सशाचं अंग त्याची दखलही घेत नाही. सशाच्या रक्तात त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या, की त्यांच्या जोरावर पेशंटचं थायरॉक्सिन मोजायचं. पण बाकीचे ससे निघाले मठ्ठ. त्यांच्या अँटिबॉडी थायरॉइडच्या दुसऱ्या हार्मोनलाही मिठ्या मारत सुटायच्या. हुशार एकटा पाच नंबर, आणि उद्या त्याचंच रक्त घ्यायचं होतं.

सशांची देखभाल भुजंगमामांकडे. मामा हाडाचे शेतकरी. भावानं ट्रॅक्टर घेऊन बैलजोडी विकली, त्यामुळे यंदा पोळ्याला त्यांचा गोठा रिकामा होता.

दुपारी दामिनी आली तर सहाही ससे अंगणात एकत्र, कपाळाला हळदकुंकू, पुढ्यात पुरणपोळी. अंघोळीही झालेल्या. कानांवरचे शाईचे नंबर साबणाबरोबर केव्हाच वाहून गेले होते.

"मामा! पाच नंबर कुठला यातला?"

"सणाला कशाला नंबर लावून राहिल्या, ताई? आज समदे सारखेच."

"अन् उद्या रक्त कुणाचं काढू? तुमचं?"

"काढा की. पर आज सुई न्हाई. पोळ्याला जनावराला कामाला लावत न्हाईत."

दामिनीला रडूच कोसळलं. मामांचा चेहरा पडला. त्यांनी सशांपुढची पुरणपोळी उचलून तिच्या हातात दिली. तिनं ती हुंदके देत खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तिनं सहाही जणांना वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवून त्यांच्या कानातून थोडं थोडं रक्त घेतलं आणि दिवसभर तपासत बसली. संध्याकाळी एक रक्त असं निघालं, की आपलं हार्मोन सोडून कुणाकडे ढुंकूनही बघेना. सापडला! तिनं त्याचा मुकाच घेतला. आता शाईचं नाव नको, म्हणून बाजारातून लाल गोंडा आणून त्याच्या गळ्यात बांधला आणि तिच्या गाइडना, राजशेखर सरांना, बोलवायला धावली.

"सर, हाच तो," म्हणत ती सरांना अंगणात घेऊन आली.

सहा ससे पिंजऱ्यांबाहेर गवत खात होते. सहाही जणांच्या गळ्यात लाल गोंडे होते.

"एकालाच बांधला व्हता तुमी," मामा कौतुकानं म्हणाले, "बाकीचे तोंड पाडून बसले व्हते, ताई."