पापाच्या मागे उभं राहून

बाप कामाला आहे त्या लाकूड कापायच्या गिरणीत धोके तपासायला लेकीलाच पाठवू नये, एवढी अक्कल आमच्या साहेबाला नाही. "तू ओळखीची आहेस मेरेआना, माणसं तुला खरं सांगतील," म्हणाला. हॅमिल्टनहून गाडी हाकत कावेराऊच्या सॉ मिलमध्ये पोचले, तर पापाने लांबूनच हात केला आणि पुन्हा ओंडक्याकडे वळला.

मला त्याचं नवल नव्हतं. आई गेल्यापासून फोनवर तो "हं, बरं, ठेवतो" यापलीकडे बोलत नव्हता. तिच्या शेवटच्या दिवशी मी उशिरा पोचले, त्याचा राग त्याने मनात ठेवलाय, असंच मी धरून चालले होते. पुढे मीही फोन करणं सोडलं. हट्टी बापाची हट्टी लेक.

दुपारपर्यंत यंत्रांचे पट्टे, त्यांवरच्या जाळ्या, घसरडी फरशी, सगळं पाहून झालं. तेवढ्यात फोर्कलिफ्ट पीं पीं करत मागे येऊ लागली, थेट पापाच्या दिशेने. तो हलेना. शेजारी काम करणाऱ्या लेसने लाकडाची ढलपी उचलून त्याच्या पाठीवर मारली, तेव्हा कुठे तो बाजूला झाला. मला वाटलं, थट्टा चाललीय. थोड्या वेळाने पलीकडे काम करणाऱ्या क्लिंटनेही तेच केलं.

चहाच्या सुट्टीत करवत थांबली. पापाने कानांवरची टोपणं काढून गळ्यात अडकवली. आवाजाने कान जाऊ नयेत म्हणून ती लावायची असतात. मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले.

"पापा." मग मोठ्याने, "पापा."

तो चहात बिस्कीट बुडवत राहिला. बाकीचे आपापल्या मगात बघत बसले.

"आमचं लक्ष असतं त्याच्याकडे," लेस हळूच म्हणाला. "आजवर साधं खरचटू दिलं नाही."

"आणि गाडी मागे येताना नेमकी तुला शिंक आली म्हणजे?"

"तुझं बरोबर आहे गं बाई. पण घरी बसवलंस, तर भिंतीकडे बघून बघून मरेल म्हातारा. इथे निदान माणसं आहेत."

मी समोर जाऊन बसले. पापाने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"कळलं वाटतं तुला," तो म्हणाला.

"फोनवर काहीच ऐकू यायचं नाही?"

"तूच आहेस एवढं कळायचं. शब्द लागायचे नाहीत. तू विचारणार एक आणि मी सांगणार भलतंच, म्हणून ठेवून द्यायचो. नंतर तुझा फोनच येईना. म्हटलं, पोरगी कामात असेल."

मला रडू आवरेना. "मला वाटलं, तू माझ्यावर रागावलायस," मी खाली मान घालून म्हणाले.

"वर बघून बोल की. काय म्हणालीस?"

पुन्हा सांगितलं, पण रडण्यात शब्द चुरगळले. तिसऱ्यांदा त्याला समजलं. "वेडी आहेस," म्हणत त्याने उरलेलं बिस्कीट माझ्या हातात दिलं.

मी डोळे पुसले, त्याच्याकडे नीट तोंड केलं आणि म्हटलं, "पापा, उद्यापासून करवतीवर यायचं नाही."

हे मात्र त्याला एकदाच सांगावं लागलं.