न शिवता येणारी जखम

दुकानदारानं काचेवर पिस्तुलं मांडली आणि हवं ते हातात घेऊन बघा म्हणाला. समोर सत्तरीचे, स्वेटर घातलेले, मऊ बोलणारे डॉक्टर. हलकंच घ्या, मनगटाला सोपं जाईल, असा सल्लाही त्यानं दिला. या मऊ माणसानं शिकागोच्या इमर्जन्सीत उभा जन्म गोळ्या लागलेली पोटं उसवण्यात आणि शिवण्यात घालवला होता, हे त्या बापड्याला काय ठाऊक.

त्र्यंबकरावांना पिस्तुलं दिसतच नव्हती, जखमा दिसत होत्या. या लहान नळीनं आतडं फाटतं, पण टाके घातले की पोरगा स्वतःच्या पायांनी घरी जातो. त्या मोठीनं यकृत फुटतं, तेही वेळेत दाबून धरलं तर वाचतं. म्हणजे आपण मारायचं आणि आपल्याच कुणा डॉक्टर भाऊबंदानं वाचवायचं. मग त्यांना जवळून शॉटगन झाडलेला एक तरुण आठवला. जांघेत मांस, कापड, छर्रे, सगळ्याचा काला झाला होता आणि सुई टोचायला काठच उरला नव्हता. तो त्यांच्या हाताखाली टेबलावरच गेला होता.

"ती द्या," त्यांनी भिंतीवरच्या शॉटगनकडे बोट दाखवलं.

एवढा विखार त्यांच्यात शिरला तो एप्रिलमध्ये. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या त्यांच्या शांत गल्लीत, भर दुपारी, ते गॅरेजमधून तांदळाच्या पिशव्या आत नेत असताना दोघं जण मागोमाग घरात घुसले. एकानं त्र्यंबकरावांना पाडून मानेवर गुडघा रोवला. दुसरा त्यांच्या बायकोच्या, सरलाबाईंच्या, हातातल्या पाटल्या ओढू लागला. हात सुजला, पाटल्या निघेनात, तेव्हा त्यानं ओट्यावरचा बत्ता उचलून मनगटावर घातला. पुन्हा घातला. फरशीला गाल लावून पडलेल्या त्र्यंबकरावांनी नुसत्या आवाजावरून कुठलं हाड मोडलं ते ओळखलं. त्यापलीकडे त्यांना काही करता आलं नाही, आणि ती लाज त्यांना तेव्हापासून कुरतडत होती.

शॉटगन घरात आली, गॅरेजच्या दाराचा कोड बदलला, तो कुणालाही द्यायचा नाही असं ठरलं. सरलाबाईंना वाईट वाटलं ते कुमारसाठी. कुमार म्हणजे नागपूरच्या मेडिकलपासूनचा मित्र, ऑपरेशन टेबलाच्या उशाशी बसून भूल देणारा. आपल्या माणसानं बेल वाजवायची नसते, हा त्याचा कायदा, आणि जुना कोड त्याला पाठ. दर दसऱ्याला पहिलं सोनं त्याचं. इथे आपटा कुठला मिळायला, म्हणून आपल्या अंगणातल्या रेडबडच्या झाडाची पिवळी पडलेली पानं खिशात कोंबून तो गॅरेजमधून थेट स्वयंपाकघरात उगवायचा.

खंडेनवमीला सरलाबाईंनी नेहमीसारखा पाट मांडला. स्वतःची विळी ठेवली, नवऱ्याचा सुई धरायचा जुना चिमटा ठेवला, आणि या वर्षी शॉटगनही मागितली. शस्त्र आहे ना, मग पूजा नको का, म्हणाल्या. त्र्यंबकरावांनी ती रिकामी करून दिली. वाकड्या जुळलेल्या हातानं सरलाबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं, शेवंती वाहिली.

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होताच त्र्यंबकराव शॉटगनमध्ये काडतुसं भरत बसले. तेव्हा सरलाबाई त्यांना म्हणाल्या, "अहो, कुमारभाऊंना मी नवा कोड दिलाय बरं का. सणाच्या दिवशी दारात उभं नको करायला."

"हं," त्र्यंबकराव म्हणाले. मुरलेल्या संसारात नवरे जसं म्हणतात तसं. ऐकलं त्यांनी काही नव्हतं.

दुपारी सरलाबाई साडी बदलायला वर गेल्या. त्र्यंबकराव मांडीवर शॉटगन घेऊन स्वयंपाकघराच्या खुर्चीत पेंगत होते. गॅरेजचं दार घरघरत वर गेलं. आत पावलं वाजली. त्र्यंबकरावांच्या कानात बत्त्याचा आवाज घुमला, मानेवर तो गुडघा आला. कोण आहे, एवढंही त्यांनी विचारलं नाही. स्वयंपाकघराच्या दाराची मूठ फिरली, दार उघडलं आणि त्यांनी चाप ओढला.

कुमार भिंतीवर आदळून खाली बसला. उजव्या जांघेच्या जागी लाल चिखल झाला होता. पिवळी पानं फरशीवर विखुरली आणि रक्त त्यांच्या खालून पसरत गेलं.

त्र्यंबकराव गुडघ्यांवर पडले आणि दोन्ही मुठी जखमेत दाबल्या. वरून धावत आलेल्या सरलाबाईंनी फोनवर पत्ता सांगितला. कुमार पांढराफटक पडला होता, पण आयुष्यभर ज्याच्या हातांवर भरवसा ठेवला त्याच्याकडे पाहून तो हसायचा प्रयत्न करत होता.

"घाबरतो काय, त्र्यंब्या," तो म्हणाला. "स्टिच कर ना यार. तुझे हात मला माहितीयत."

सरलाबाईंनी पाटावरचा चिमटा आणि शिवणाच्या डब्यातली सुई आणून नवऱ्यापुढे धरली. चिमट्यावर कालचं कुंकू तसंच होतं. "घाला ना टाके," त्या म्हणाल्या. "अहो, घाला ना."

त्र्यंबकरावांनी चिमटा घेतला. एक मूठ दाबून ठेवत दुसऱ्या हाताची बोटं आत घालून ते काठ शोधू लागले. ऊन ऊन रक्त मनगटावरून वाहत होतं, बोटांना छर्रे लागत होते, पँटच्या चिंध्या लागत होत्या. कुमारचे डोळे त्यांच्यावरच खिळले होते, आणि त्र्यंबकराव अजून शोधत होते. काठ नव्हता. नीट पारखून, तशी जखम करणारीच तर बंदूक त्यांनी निवडली होती.